लॉगवरून मेट्रिक कसं बनवायचं, आणि ग्राफवरच्या शून्यावर भरवसा का ठेवायचा नाही

आमच्याकडे एकदा पेमेंट फेल होण्याचा ग्राफ सलग अकरा दिवस शून्यावर होता. सगळे खूश, कोणीतरी चॅटवर टाळ्यांची इमोजी पण टाकली. बाराव्या दिवशी सपोर्टवाल्यांनी विचारलं की अहो इकडे तक्रारींचा ढीग पडलाय आणि तुमच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवंगार कसं, तेव्हा शोधाशोध केली तर निघालं असं की कोणीतरी कोड आवरता आवरता लॉगमधलं, म्हणजे ॲप चालता चालता ज्या नोंदी लिहितं त्यातलं, "पेमेंट फेल्ड" काढून "पेमेंट डिक्लाइन्ड" केलं होतं, आणि आमचं मेट्रिक, म्हणजे त्या नोंदी मोजून ग्राफला आकडा देणारं मोजमाप, बिचारं अजून जुन्याच शब्दाची वाट बघत बसलं होतं. कोड बरोबर होता, रिव्ह्यू झालेला होता, टेस्ट पास होत्या. त्या एका शब्दावर अलर्ट टांगलेला आहे हे मात्र कोड बदलणाऱ्याला माहीतच नव्हतं, आणि माहीत असावं अशी सोय आम्ही केली नव्हती.

लॉगवरून मेट्रिक बनवायला पाच मिनिटं लागतात, कन्सोलमध्ये चार खाने भरले की झालं. पण त्या पाच मिनिटांत जे ठरतं ते पुढे वर्षभर छळतं, म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहितोय. मी मुख्यतः गूगल क्लाउडच्या हिशोबाने सांगतो कारण रोजचं काम त्यात आहे, शेवटी एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवाल्यांसाठी काय वेगळं ते सांगेन. आणि एक, फिल्डची नावं वगैरे इथे देवनागरीत लिहितोय, कन्सोलमध्ये टाकताना ती अर्थातच इंग्रजीतच टाकायची.

आधी हे ठरवा की मेट्रिक हवंय का

लॉगवरचं मेट्रिक म्हणजे काय, तर लॉगची प्रत्येक ओळ आत येते तेव्हा तिला एक चाळणी लावायची, चाळणीतून पडली तर मोजायची, किंवा तिच्यातला एखादा आकडा उचलून ठेवायचा. ओळ कुठे साठते, किती दिवस राहते याच्याशी मेट्रिकला घेणंदेणं नाही. लॉग साठवायची डिफॉल्ट जागा, म्हणजे डिफॉल्ट बकेट, ३० दिवसांनी ओळी टाकून देते, पण मोजलेला आकडा मॉनिटरिंगमध्ये वेगळा राहतो.

कोड तुमच्याच हातात असेल आणि वेळ असेल तर ओपनटेलिमेट्री नाहीतर प्रोमिथियस ही मेट्रिकची साधनं वापरून ॲपमधूनच मेट्रिक पाठवा, ते जास्त पक्कं काम आहे. लॉगवरचं मेट्रिक कामाला येतं ते जिथे कोडला हात लावता येत नाही तिथे. दुसऱ्या कोणाचं सॉफ्टवेअर, डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग, ऑडिट लॉग, लोड बॅलन्सरचा लॉग, किंवा ती जुनी सर्व्हिस जिला हात लावायची कोणाचीच हिंमत होत नाही.

आणि घटना जर महिन्यातून एकदा होणारी असेल, समजा कोणीतरी फायरवॉलचा नियम बदलला किंवा सर्व्हिस अकाउंटची नवीन की काढली, तर मेट्रिक बनवूच नका. त्यासाठी सरळ लॉगवरचा अलर्ट आहे, ओळ जुळली की कळवतो, मधे मोजदाद नाही. मेट्रिक तेव्हाच जेव्हा प्रश्न "किती" किंवा "केवढा वेळ" असा असतो. "झालं का" एवढाच प्रश्न असेल तर लॉग अलर्ट पुरतो.

लॉगची ओळ नीट बघा

लॉग्ज एक्सप्लोरर, म्हणजे लॉग शोधायचं पान, उघडा आणि हव्या त्या घटनेची एक खरी ओळ पूर्ण उलगडून बघा. लक्षात आहे तशी नको, खरी बघा. ओळ दोन प्रकारची असते, एक तर साधा मजकूर, जो टेक्स्टपेलोडमध्ये पडतो, नाहीतर जेसन, म्हणजे फिल्डचं नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्या, जो जेसनपेलोडमध्ये फिल्ड सुटे सुटे होऊन पडतो. जेसन असेल तर अर्धं काम झालेलं आहे. साधा मजकूर असेल आणि कोड बदलणं शक्य असेल तर आधी जेसन करून घ्या, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातून तुकडे शोधायचा साचा) लिहीत बसण्यापेक्षा ते स्वस्तात पडतं.

क्लाउड रन किंवा जीकेई या गूगलच्या ॲप चालवायच्या सेवांवर असाल तर वेगळं काही लावायला लागत नाही, स्टँडर्ड आउटपुटवर एका ओळीत जेसन छापलं की ते आपोआप जेसनपेलोड होतं. "एका ओळीत" हे महत्त्वाचं, सुंदर दिसावं म्हणून इंडेंट करून पंधरा ओळींत छापलंत तर पंधरा वेगळ्या नोंदी होतील आणि त्यातल्या कुठल्याच कामाच्या नसतील.

इथेच एक खाच आहे ज्यात मी पडलोय. बऱ्याच लॉगिंग लायब्ररी पातळी "लेव्हल" नावाच्या फिल्डमध्ये लिहितात. गूगलला हवं असतं "सिव्हिरिटी". लेव्हलमध्ये एरर लिहिलं तर ते नुसतं जेसनपेलोडमधलं एक फिल्ड होऊन राहतं, आणि नोंदीची खरी सिव्हिरिटी एरर होत नाही, क्लाउड रनवर ती राहते डिफॉल्ट, म्हणजे ०. मग तुम्ही फिल्टर लिहिता "सिव्हिरिटी एरर किंवा वरची" आणि काहीच सापडत नाही. सिव्हिरिटी आतून आकडे असतात, इन्फो २००, वॉर्निंग ४००, एरर ५००, क्रिटिकल ६००, म्हणूनच "मोठं किंवा समान" ही तुलना चालते.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी ही एक ओळ धरू: सिव्हिरिटी एरर, इव्हेंट "पेमेंट_फेल्ड", प्रोव्हायडर (पेमेंट करून देणारी कंपनी) "पी१", रीझन (कारण) "टाइमआउट", ड्युरेशन_एमएस ३४२, आणि मेसेजमध्ये माणसांना वाचायला काहीतरी वाक्य. बघा, इव्हेंट आणि मेसेज वेगळे ठेवलेत. मेसेज हा माणसांसाठी, तो कोणीही कधीही सुधारणार, शुद्धलेखन दुरुस्त करणार, पूर्णविराम टाकणार. इव्हेंट हा मशीनसाठी, त्याला हात लावायचा नाही. आमच्या अकरा दिवसांच्या शून्याचं मूळ हेच होतं, आम्ही मेसेजवर फिल्टर लावला होता.

फिल्टर, जिथे सगळ्यात जास्त चुका होतात

फिल्टर आधी लॉग्ज एक्सप्लोररमध्ये चालवून बघा आणि मग तोच मेट्रिकमध्ये चिकटवा, भाषा एकच आहे. सुरुवात रिसोर्सच्या टाइपने करा, मग सर्व्हिसचं नाव, मग इव्हेंट. म्हणजे साधारण असं: रिसोर्स.टाइप = "क्लाउड_रन_रिव्हिजन", पुढच्या ओळीत रिसोर्स.लेबल्स.सर्व्हिस_नेम = "चेकआउट", पुढच्या ओळीत जेसनपेलोड.इव्हेंट = "पेमेंट_फेल्ड". ओळी वेगळ्या लिहिल्या की मधे "अँड" आहे असंच धरलं जातं.

नुसता एखादा शब्द अवतरणात टाकून शोधू नका. तो नोंदीच्या सगळ्या फिल्डमध्ये शोधला जातो, आणि त्यात लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतात, म्हणजे "फेल्ड" शोधलंत तर "झिरो फेल्ड" असं म्हणणारी आनंदाची ओळही मोजली जाईल. हसू नका, बॅकअपच्या लॉगमध्ये अगदी असंच लिहिलेलं असतं.

आता तीन गोष्टी ज्या मॅन्युअलमध्ये आहेत पण कोणी वाचत नाही.

पहिली, "अँड", "ऑर", "नॉट" कॅपिटलमध्येच लिहायचे. स्मॉलमध्ये लिहिलंत तर तो शोधायचा शब्द समजला जातो.

दुसरी जास्त वाईट आहे. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत आधी अँड आणि मग ऑर बांधला जातो. इथे उलटं आहे, आधी नॉट, मग ऑर, आणि सगळ्यात शेवटी अँड. तर समजा तुम्ही लिहिलंत "इव्हेंट पेमेंट_फेल्ड ऑर इव्हेंट रिफंड_फेल्ड अँड प्रोव्हायडर पी१", आणि तुमच्या मनात होतं की पेमेंटचे सगळे आणि रिफंडचे फक्त पी१चे. मिळतं काय, तर दोन्ही इव्हेंट पण फक्त पी१चेच. बाकीच्या प्रोव्हायडरची फेल झालेली पेमेंट गुपचूप बाहेर. एरर येत नाही, ग्राफ दिसतो, आकडे बरे वाटतात. म्हणून ऑर आला की कंस घाला, नियम पाठ असला तरी घाला, तुमच्यानंतर वाचणाऱ्याला पाठ नसतो.

तिसरी, फिल्ड नसलेल्या नोंदी. "प्रोव्हायडर नॉट इक्वल पी१" असं चिन्हाने लिहिलंत तर ज्या नोंदीत प्रोव्हायडर फिल्डच नाही ती जुळत नाही. पण "नॉट" शब्द पुढे लावून "प्रोव्हायडर इक्वल पी१" लिहिलंत तर तीच नोंद जुळते. दोन्ही वाचायला सारखंच वाटतं, मोजणी मात्र वेगळी येते. टेस्ट ट्रॅफिक वगळायचा असतो तेव्हा हे हमखास आडवं येतं, कारण टेस्टचं फिल्ड खऱ्या ट्रॅफिकमध्ये बहुतेक वेळा नसतंच.

फिल्टर झाला की मागच्या २४ तासांवर चालवा, आणि सापडलेल्यातल्या दहा-पंधरा नोंदी डोळ्यांनी वाचा. नुसता आकडा बघून पुढे जाऊ नका. हेल्थ चेक, रिट्राय, आणि एकाच घटनेच्या दोन ओळी, हे तिघं जवळपास दरवेळी त्यात असतात. रिट्रायचं आधीच ठरवा, तीन वेळा प्रयत्न करून चौथ्यांदा पास झालेलं पेमेंट हे तीन फेल्युअर की शून्य? माझ्या मते शेवटच्या निकालाची वेगळी ओळ असावी आणि तीच मोजावी, पण हे टीमने ठरवायचं, मेट्रिक बनवणाऱ्याने एकट्याने नाही.

मेट्रिक बनवणं

लॉगिंगमध्ये लॉग-बेस्ड मेट्रिक्स, तिथे क्रिएट मेट्रिक. परवानगी नसेल तर लॉग्ज कॉन्फिगरेशन रायटर हा रोल मागून घ्या, ॲडमिन मागायची गरज नाही.

प्रकार विचारेल, काउंटर की डिस्ट्रिब्युशन. काउंटर म्हणजे नोंदी मोजणे. डिस्ट्रिब्युशन म्हणजे नोंदीतला आकडा काढून त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या टप्प्यात किती ते, करणे. नावाचा नीट विचार करा कारण नाव आणि प्रकार नंतर बदलता येत नाहीत, नवीन बनवावं लागतं आणि जुना इतिहास जुन्या नावावरच राहतो. मी "सर्व्हिस/काय_झालं_काउंट" असं ठेवतो. वर्णनाचा खाना रिकामा सोडू नका, तिथे लिहा की हे कुठल्या अलर्टसाठी आहे आणि फिल्टर कुठल्या फिल्डवर टांगलाय. सहा महिन्यांनी "टेस्ट२_न्यू_फायनल" असं मेट्रिक सापडतं आणि डिलीट करायची भीती वाटते, ती वेळ येऊ नये. युनिट काउंटरला "१" आणि वेळेला मिलिसेकंदाचं "एमएस".

फिल्टर चिकटवा, सेव्ह. झालं. पण लगेच ग्राफ बघायला धावू नका, कारण मेट्रिक मागचं मोजत नाही. ते बनवल्यानंतर आलेल्या नोंदीच मोजल्या जातात, कालचा गोंधळ त्यात दिसणार नाही. कालचं हवं असेल तर लॉग क्वेरीच करा. याच कारणाने मी नवीन सर्व्हिस लाइव्ह व्हायच्या आधीच तिची दोन-चार मेट्रिक बनवून ठेवतो, इन्सिडंट चालू असताना बनवलेलं मेट्रिक त्या इन्सिडंटला उपयोगाचं नसतं.

अजून एक चांगली गोष्ट, जी पैसे वाचवते. लॉग कुठे साठवायचे ते ठरवणाऱ्या राउटरवर एक्सक्लूजन, म्हणजे वगळायचा नियम, लावून काही लॉग साठवायचेच नाहीत असं ठरवलंत, तरी प्रोजेक्ट पातळीवरचं तुमचं मेट्रिक त्या वगळलेल्या नोंदीही मोजतं. म्हणजे लोड बॅलन्सरच्या हजारो २०० (म्हणजे "सगळं ठीक") वाल्या ओळी साठवू नका, पण मोजा जरूर. उलट बाजूने, सिस्टिमची आयती मेट्रिक मात्र वगळलेले लॉग धरत नाहीत, त्यामुळे दोघांचे आकडे जुळले नाहीत तर घाबरायचं नाही. आणि प्रोजेक्टचं मेट्रिक त्याच प्रोजेक्टचे लॉग बघतं, अनेक प्रोजेक्टचे लॉग एका बकेटमध्ये ओढून आणले असतील तर त्या बकेटवर मेट्रिक बनवायचं.

लेबल, म्हणजे हात आखडता घ्यायची जागा

नुसता "पेमेंट फेल ४०" हा आकडा बघून काय करणार? कुठल्या प्रोव्हायडरचे, कुठल्या कारणाने, हे कळायला लेबल लागतात. एका मेट्रिकला १० पर्यंत लावता येतात, पण दहा लावता येतात म्हणून दहा लावायची नसतात.

लेबलचं नाव द्या, प्रकार स्ट्रिंग, आणि फिल्डचा पत्ता जेसनपेलोड.प्रोव्हायडर. साध्या मजकुरातून काढायचं असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशन, ज्यात पकडायचा भाग एकाच कंसात असतो, दुसरा कंस घातला की नाकारतं. आरई२ या गूगलच्या लायब्ररीच्या पद्धतीचं एक्स्प्रेशन आहे, त्यामुळे लुकअहेड (पुढचा मजकूर बघून ठरवणं) वगैरे चालत नाही. कॉन्फिग फाइलमधून बनवत असाल तर बॅकस्लॅश डबल करायला लागतो हे विसरू नका, अर्धा तास जातो त्यात.

आता हिशोब. प्रोव्हायडर ४, कारणं ६, रीजन (भौगोलिक विभाग) ३. गुणले की ७२ टाइम सिरीज, म्हणजे ग्राफच्या वेगवेगळ्या रेषा, काहीच नाही, मजेत चालतं. आता कोणीतरी म्हणतं की युझर आयडी पण टाकू ना, शोधायला सोपं जाईल. युझर २०,००० धरले तर ७२ गुणिले २०,००० म्हणजे १४,४०,००० पर्यंत सिरीज होऊ शकतात. एवढ्या खरंच होणार नाहीत, पण अर्धा टक्का झाल्या तरी सात हजारांवर जातात, मर्यादेला धडकलं की डेटा गळायला लागतो, आणि बिल वाढतं ते वेगळंच. रिक्वेस्ट आयडी, ऑर्डर नंबर, आयपी, पूर्ण यूआरएल, एररचा अख्खा मेसेज, हे सगळं याच माळेतले मणी. यूआरएलमध्ये तर आयडी लपलेला असतो, "/ऑर्डर्स/९८७१" आणि "/ऑर्डर्स/९८७२" या लेबलच्या दोन वेगळ्या किमती, म्हणजे व्हॅल्यू झाल्या. तिथे रेग्युलर एक्स्प्रेशनने नुसतं "ऑर्डर्स" एवढंच पकडा.

माझी चाचणी सोपी आहे, या लेबलच्या सगळ्या किमती मला कागदावर लिहून देता येतील का? येत असतील तर लेबल, नाहीतर ते लॉगमध्येच राहू दे, शोधायला लॉग आहेतच. आणि ईमेल, फोन नंबर असलं काही चुकूनही नको, डॅशबोर्ड बघणारे लोक लॉग बघणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात.

डिस्ट्रिब्युशन आणि बकेट, जरा थांबून वाचा

"पेमेंटला केवढा वेळ लागतो" यासाठी डिस्ट्रिब्युशन घेतलं, फिल्ड दिलं जेसनपेलोड.ड्युरेशन_एमएस. त्यात आकडाच पाहिजे. "३४२एमएस" असं एकक चिकटलेलं असेल तर एक्स्प्रेशनने आकडे वेगळे काढा. आकडा निघाला नाही तर ती नोंद मोजलीच जात नाही, आणि तसं तुम्हाला कोणी येऊन सांगत नाही.

आता बकेट, म्हणजे हिस्टोग्रामच्या टोपल्या (लॉग साठवायची बकेट वेगळी). बहुतेक जण तो भाग उघडतच नाहीत. डिफॉल्ट बकेट वाढत जाणाऱ्या असतात, ०.०१ पासून सुरू आणि प्रत्येक वेळी दुप्पट, अशा ६४. दुप्पट करत करत या: ०.०१, ०.०२, ०.०४ असं करत करत ८१.९२, १६३.८४, ३२७.६८, ६५५.३६, १३१०.७२. मिलिसेकंदात बघितलं तर ३२८ पासून ६५५ पर्यंत सगळं एकाच टोपलीत. तुमचं पेमेंट काल ३५० ला होत होतं आणि आज ६०० ला होतंय, टोपली तीच. पर्सेंटाइल (समजा ९५ वा, म्हणजे ज्या वेळेच्या आत ९५ टक्के पेमेंट होतात) काढताना सिस्टिमला टोपलीच्या आत काय चाललंय ते माहीत नसतं, ती आपली समान पसरलंय असं धरून अंदाज बांधते. त्यामुळे ९५ वा पर्सेंटाइल ग्राफवर जवळपास हललेलाच दिसत नाही, आणि इकडे युझर चक्राकडे बघत बसलेला असतो.

आणि सुरुवातीच्या बकेट बघा, एका मिलिसेकंदाच्या आतच सात संपल्या. नेटवर्कवरून होणाऱ्या कामाला त्यांचा उपयोग शून्य.

म्हणून एक्स्प्लिसिट निवडा आणि सीमा स्वतः लिहा. मी पेमेंटसाठी ठेवलेल्या: ५०, १००, २००, ३००, ४००, ५००, ७५०, १०००, २०००, ५०००. जिथे निर्णय होतो तिथे दाट, जिथे "हळू आहे, झालं" एवढंच म्हणायचंय तिथे विरळ. तुमचा करार ५०० मिलिसेकंदाचा असेल तर ५०० ही सीमा असलीच पाहिजे, मग "५०० च्या आत किती" याचं उत्तर अंदाजाने नाही, मोजून मिळतं.

डिस्ट्रिब्युशन महाग असतं. साध्या आकड्याचा एक पॉइंट ८ बाइटचा, डिस्ट्रिब्युशनचा ८० बाइटचा, बिल बाइटवर येतं. म्हणजे त्याच लेबलांवर दहापट. यावर लेबल लावताना अजूनच कंजूष व्हा, मी प्रोव्हायडर सोडून काही लावत नाही.

बनलं का ते तपासा

हाताने एक लॉग लिहून बघायचा. जीक्लाउड या गूगलच्या कमांड लाइन साधनाच्या लॉगिंग राइट कमांडने नोंद टाकता येते, पण साधी कमांड मारली की ती नोंद "ग्लोबल" रिसोर्सखाली जाते, आणि आपल्या फिल्टरमध्ये क्लाउड रन लिहिलंय, म्हणजे जुळणारच नाही. मग लोक मेट्रिक बिघडलंय म्हणून डोकं खाजवत बसतात. सगळ्यात बरं म्हणजे स्टेजिंगमध्ये, म्हणजे लाइव्हच्या आधीच्या चाचणीच्या जागी, खरंच एक पेमेंट फेल करा.

चार-पाच मिनिटं थांबा, मग मेट्रिक्स एक्सप्लोररमध्ये जाऊन "लॉगिंग, युझर" असलेल्या नावात आपलं शोधा. एकही नोंद आली नसेल तर यादीत दिसेलच असं नाही, कारण तिथे डीफॉल्टने डेटा असलेलीच मेट्रिक दाखवतात.

दिसलं तर बहुतेक आकडा असेल ०.०५ वगैरे, आणि पहिल्यांदा बघणारा विचारतो की लॉगची ओळ पाव-अर्धी कशी येईल. तो दर सेकंदाचा रेट असतो. ०.०५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ३. मोजणीच हवी असेल तर अलाइनर (आकडे कसे गोळा करायचे ती सेटिंग) रेटवरून डेल्टा करा. मग एक तासाचा काळ घ्या, तोच फिल्टर लॉग्ज एक्सप्लोररमध्ये चालवा, दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जुळले पाहिजेत. नाही जुळले तर आधी वेळ तपासा, नोंदीवरचा टाइमस्टँप २४ तासांपेक्षा जुना किंवा १० मिनिटांपेक्षा जास्त पुढचा असेल तर ती मेट्रिकमध्ये धरली जात नाही. ज्या मशीनचं घड्याळ बिघडलंय किंवा जे एजंट रात्री एकदम गठ्ठ्याने जुने लॉग पाठवतात त्यांच्याकडे हे होतं.

अलर्ट

"पाच मिनिटांत ५० पेक्षा जास्त फेल" असा अलर्ट सगळेच पहिल्यांदा लावतात, मी पण लावला होता. दिवसा १०,००० पेमेंटमध्ये ६० फेल हे रोजचं, आणि पहाटे ६० पेमेंटमध्ये ४५ फेल म्हणजे दुकान बंद आहे, पण अलर्ट वाजतो दिवसा आणि पहाटे गप्प. म्हणून गुणोत्तर घ्या. त्यासाठी दुसरं मेट्रिक लागतं, एकूण प्रयत्नांचं, तेच लेबल, तोच रिसोर्स, फक्त इव्हेंट "पेमेंट_अटेम्प्ट". फेल भागिले एकूण, ५ टक्क्यांच्या वर आणि एकूण किमान २० तरी असले तर वाजव.

खिडकी फार छोटी ठेवू नका. लॉग येणार, चाळणीतून जाणार, मग मेट्रिकमध्ये चढणार, यात मिनिटं जातात. एका मिनिटाच्या खिडकीवर अलर्ट लावला की अर्धवट आलेल्या डेटावर तो उगाच उघड-मीट करत राहतो. मी दहा मिनिटांच्या खाली जात नाही. ज्याला दहा मिनिटं परवडत नाहीत त्याने लॉगवरचं मेट्रिक घ्यायचंच नव्हतं.

आता ते अकरा दिवसांचं शून्य. यावर अर्धा उपाय हेच दुसरं मेट्रिक आहे. प्रयत्नांच्या मेट्रिकवर "डेटाच नाही" अशी ॲबसेन्सची अट लावायची, पंधरा-वीस मिनिटं एकही प्रयत्न दिसला नाही तर उठव. फेल शून्य आणि प्रयत्न हजार, हे चांगलं शून्य. फेल शून्य आणि प्रयत्नही शून्य, तर लॉग येणं थांबलंय किंवा शब्द बदललाय. आणि तिसरं, फेल शून्य, प्रयत्न हजार, पण सक्सेस सहाशेच, म्हणजे चारशे कुठेतरी हरवले. आमच्या केसमध्ये हे तिसरं होतं, सक्सेसचं मेट्रिक असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. तेव्हापासून मी तिन्ही बनवतो आणि "प्रयत्न वजा सक्सेस वजा फेल" असा एक कंटाळवाणा ग्राफ ठेवतो, जो शून्याच्या आसपास रेंगाळला पाहिजे.

एडब्ल्यूएसवर असाल तर

क्लाउडवॉच लॉग्जमध्ये याला मेट्रिक फिल्टर म्हणतात आणि तो लॉग ग्रुपवर लागतो, एका ग्रुपवर १०० पर्यंत. लॉग ग्रुप स्टँडर्ड क्लासचा पाहिजे, इनफ्रिक्वेंट ॲक्सेस क्लासवर मेट्रिक फिल्टर चालत नाहीत, स्वस्त पडतं म्हणून तिकडे हलवायच्या आधी हे बघा. पॅटर्नची भाषा वेगळी आहे, जेसनसाठी महिरपी कंसात डॉलर-डॉट-फिल्ड असं लिहायचं, स्पेसने तोडलेल्या लॉगसाठी चौकोनी कंसात रकान्यांची नावं. इथे मात्र लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात, "एरर" कॅपिटलमध्ये असेल तर कॅपिटलमध्येच शोधा.

लेबलला तिथे डायमेन्शन म्हणतात आणि फक्त ३ मिळतात. फार वेगवेगळ्या किमती यायला लागल्या, साधारण १,००० च्या घरात, तर एडब्ल्यूएस तो फिल्टर स्वतःच बंद करून टाकतं. निष्ठुर वाटतं पण बिल बघितल्यावर आभार मानाल. डीफॉल्ट व्हॅल्यू शून्य ठेवायची सोय आहे, ग्रुपमध्ये लॉग आले पण एकही जुळला नाही तर शून्य लिहिलं जातं, फक्त डायमेन्शन वापरलंत तर ही सोय मिळत नाही. आणि लॉगच आले नाहीत तर शून्यही येत नाही, तिथे अलार्ममधला "मिसिंग डेटा कसा धरायचा" हा पर्याय कामाला येतो. फेलच्या अलार्मला "नॉट ब्रीचिंग", प्रयत्नांच्या अलार्मला "ब्रीचिंग", असं उलटसुलट लावायचं. तिथेही मागचं मोजलं जात नाही, ते सारखंच.

कोडमध्ये ठेवा

कन्सोलमध्ये क्लिक करून बनवलेलं मेट्रिक एकदा चालतंय असं दिसलं की ते टेराफॉर्ममध्ये, म्हणजे क्लाउडची मांडणी कोड म्हणून लिहायच्या साधनात, आणा, फिल्टर, लेबल, बकेट सगळं. मग फिल्टरमधला कंस कोणी हलवला तर रिव्ह्यूमध्ये दिसतो.

आणि ज्या रेपोमधून लॉग निघतो तिथे एक छोटी टेस्ट लिहा. पेमेंट फेल करायचं, छापलेली ओळ पकडायची, त्यात इव्हेंट "पेमेंट_फेल्ड" आहे का, सिव्हिरिटी एरर आहे का, ड्युरेशन_एमएस हा आकडाच आहे का, स्ट्रिंग नाही ना, एवढं तपासायचं. टेस्टच्या वर एक कॉमेंट, "हा शब्द बदलायचा असेल तर आधी मेट्रिकचा फिल्टर बदला, दोन्ही शब्द आठवडाभर ऑरने चालू ठेवा, कंसात".

मेट्रिक काढून टाकायची वेळ आली तर आधी त्यावर टांगलेले अलर्ट आणि डॅशबोर्ड शोधा. मेट्रिक डिलीट झालं तरी अलर्ट पॉलिसी यादीत तशीच दिसत राहते, चालू म्हणून, आणि ती पुन्हा कधीच वाजत नाही.